वच्छलाबाईच्या फोनचा रंग

हे मी आजपर्यंत कोणापाशी बोलले नाही. नवऱ्यापाशी नाही, बहिणीपाशी नाही. मार्कंड्याच्या जत्रेत देवासमोर हात जोडून उभी होते तेव्हाही नाही — तिथे भलतंच काहीबाही मागून परत आले. मग तुम्हालाच का सांगते आहे? तुम्ही आमच्या गावचे नाही म्हणून, दुसरं काय. आणि खरं सांगू, मला आता माझाच कंटाळा आला आहे. लोक म्हणतात, सुमनबाई तोंडाची तिखट पण मनाची साफ. ते ऐकलं की डोकं फिरतं. कोणी पाहिलं आहे माझं मन?

गोष्ट एका फोनच्या दिव्याची आहे. हसू नका. एवढ्याशा दिव्यापायी माणूस किती खाली उतरू शकतं, हे मलाही आधी ठाऊक नव्हतं.

आमचं गाव गडचिरोलीच्या जंगलातलं. आता गावात टॉवर आहे आणि शेंबड्या पोराच्या हातातही फोन आहे. तेव्हा नव्हता. टॉवर पकडायचा तो एकाच जागी — शाळेमागच्या टेकाडावर, मोहाच्या झाडाखाली. फोन घरात ठेवून उपयोग काय? म्हणून झाडाला एक तार बांधली होती आणि तिच्यावर प्रत्येक घराचा बटनाचा फोन प्लास्टिकच्या पिशवीत लटकवलेला असायचा. चोरीला कधी गेला नाही. चोरणार कोण, आणि त्या फोनवर बोलायला पुन्हा तिथेच येणार ना?

हिवाळा लागला की अर्धं गाव तेलंगणात मिरची तोडायला जायचं. त्यांचे फोन यायचे संध्याकाळी, काम सुटल्यावर. पद्धत अशी होती — पहिली घंटी बोलावण्याची, दुसरी बोलण्याची. तिकडून एकदा वाजवायचं, कापायचं, इकडचं माणूस टेकाड चढून येईपर्यंत थांबायचं, मग पुन्हा लावायचा. पण घरातून घंटी कुठली ऐकू येते? दिसायचा तो दिवा. फोन वाजला की त्याच्या डोक्यावरचा टॉर्च लुकलुकायचा, आणि अंधारून आलं की तो गावातून दिसायचा. लुकलुकला की दहा घरची माणसं धावत सुटायची आणि नऊ घरची शिव्या देत परत यायची.

यावर उपाय मी काढला. माझं बांगड्या-टिकल्यांचं दुकान, शिवाय शिलाई मशीन. दुकानात नेलपॉलिशच्या बाटल्या पडून होत्या, कोण घेतं आमच्याकडे? एका दुपारी मी मशीनच्या बारक्या पेचकसानं माझा फोन उघडला. बटनांखाली गुलाबी जिलेटीनचा तुकडा सरकवला, टॉर्चच्या काचेवर जांभळ्या नेलपॉलिशचा हात दिला. निव्वळ हौस होती. आकडे गुलाबी दिसायला लागले, टॉर्च जांभळा. संध्याकाळी बहिणीचा फोन आला आणि सगळ्या गावानं पाहिलं, टेकाडावर जांभळं लुकलुकतं आहे — म्हणजे सुमनचा. दुसऱ्या दिवशी माझ्या दारात ही रांग.

आ बैल मुझे मार, दुसरं काय! रंग थोडे आणि घरं जास्त. नेलपॉलिश जाड लागलं तर उजेडच मरतो, पातळ लागलं तर आठ दिवसांत उडतं. पातळ थर द्यायचा, वाळू द्यायचा, मग दुसरा. हे शंभरदा सांगूनही लोक ओला फोन खिशात घालायचे आणि वर माझ्यावरच डाफरायचे. लाल रंगावरून तर दोन सख्ख्या जावांनी अबोला धरला. शेवटी लाल मी तिसरीलाच दिला, शेजारच्या वच्छलाबाईला. वाटलं, म्हातारी आहे, कोणी भांडणार नाही. निळा दिला पोचूभाऊच्या घराला.

आता वच्छलाबाईबद्दल सांगायला हवं आणि तेच मला नको आहे.

विधवा बाई. दोन एकर धानाची शेती, एकच मुलगी — मंगला. आणि डोकं असं की गावातल्या कोणत्या लग्नात कोणी कोणाला कोणत्या रंगाचं लुगडं नेसवलं, ते विचारा. कोणाचा बांध कुठून कुठपर्यंत, कोण कोणाचा मावसमामा, कोणतं पोर कोणत्या पोळ्याच्या मागेपुढे जन्मलं — सगळं मुखपाठ. ग्रामसेवकसुद्धा विचारायला यायचा. त्याचा तिला भारी तोरा. आणि तेवढीच कटकटी. लाल दिला तर म्हणे हिरवा पाहिजे होता. हिरव्याची बाटली दाखवली तर म्हणे हा शेवाळासारखा आहे, निळा कसा दिसते? निळा पोचूभाऊचा आहे म्हटलं तर म्हणे त्याले दुसरा दे. माझ्या नाकी नऊ आणले होते तिनं.

त्या वर्षी मंगला नवऱ्याबरोबर मिरचीला निघाली तेव्हा दोघींचं कडाक्याचं भांडण झालं. मंगलाची पोर काजल दुसरीत होती. वच्छलाबाई म्हणाली, पोरीला माझ्यापाशी ठेव, शाळा बुडवू नको. मंगला म्हणाली, माझी पोर मी नेईन. उचलली जीभ अन् लावली टाळ्याला — म्हातारी भर अंगणात बोलून गेली, “गेली तं पुन्हा माह्या दारात येऊ नोको.” मंगला गेली.

गाडी नाक्यापर्यंत पोचली नसेल तोच म्हातारीला पश्चात्ताप झाला. तेव्हापासून तिचं एकच — मंगलाचा फोन. मंगलापाशी स्वतःचा नव्हता, ती कुठून तरी लावेल तेव्हाच. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू. दिवसा जवळचं दिसायचं, पण तिन्हीसांजेला टेकाडावरचा दिवा कोणत्या रंगाचा ते कळायचं नाही. माझ्या दारातून टेकाड समोर दिसतं. मग काय, रोज संध्याकाळी माझ्या उंबऱ्यावर ठाण. “सुमन, पाह्य न व, लाल हाये का?” मी सांगायची, नाही. पुन्हा थोड्या वेळानं, “आता लागला तो कोनाचा व?” रोज. महिना दीड महिना. मी स्वयंपाक करते आहे, मशीनवर बसले आहे, डोकं दुखतं आहे — तिला काय त्याचं?

बरं, लाल लागला असता तरी गोष्ट तिथे संपत नव्हती. तिला हात धरून टेकाडावर न्यायचं, दुसऱ्या घंटीची वाट पाहत उभं राहायचं, बोलणं झालं की हात धरून खाली आणायचं. हे सगळं मलाच.

त्या दिवशी माझ्या हातात लग्नाचं ब्लाउज होतं, दुसऱ्या दिवशी सकाळी द्यायचं. बाही उलटी लागली होती, उसवत होते. वच्छलाबाई उंबऱ्यावर. टेकाडावर दिवा लुकलुकला.

“कोनाचा व?”

मी मान वर केली. लाल होता. मला लाल दिसला. अंधार होता, धुकं होतं, असलं काही मी सांगणार नाही — लाल होता, स्वच्छ. आणि मी म्हणाले, “निळा हाये. पोचूभाऊचा.”

थोड्या वेळानं पुन्हा लुकलुकला. मी वर पाहिलंच नाही. आणखी एकदा लुकलुकला, तेव्हा तिनं विचारण्याआधीच मी म्हणाले, “पोचूभाऊच्या घरी कोनी नाई वाट्टे, उचलून नाई राह्यले.” ती म्हणाली, “बिचारा फोन करनारा,” आणि उठून घरी गेली. मी बाही उसवली, पुन्हा लावली. ब्लाउज छान झालं.

हा माझा कबुलीजबाब नाही. एवढंच असतं तर एखाद्या दिवशी बोलून मोकळी झाले असते. कंटाळलेलं माणूस खोटं बोलतं, त्यात काय नवल? खरं पाप पुढच्या सकाळचं आहे.

उजाडताच मी टेकाडावर गेले. चोराच्या मनात चांदणं. वच्छलाबाईच्या फोनवर तीन मिस्ड कॉल होते, अनोळखी नंबरचे. आता तिला कळणार, ती गावभर करणार, सुमननं मला फसवलं म्हणणार — आणि तिचं म्हणणं गाव खरं मानणार, कारण ती कधी चुकत नाही. मी फोन पिशवीतून काढला, घरी आणला, दार लावलं. ब्लेडनं टॉर्चवरचा लाल खरवडला. कोपऱ्यातला राहिलेला रिमूव्हरच्या बोळ्यानं पुसला. रात्री लाल लागला होता हे दुसरं कोणी लक्षात ठेवणार नव्हतं, ज्याला त्याला आपापल्याच रंगाची पडलेली. मग निळा लावला. पातळ थर, वाळू दिला, मग दुसरा. इतकं सुबक काम मी कोणाचंच केलं नव्हतं.

मग तिच्या घरी गेले आणि फोन हातात दिला. म्हटलं, “बाई, रात्रीचा फोन तुमचाच होता. निळा दिसला, मले पोचूभाऊचा वाटला.” तिनं टॉर्च डोळ्यांपाशी नेला.

“हे निळं काऊन?”

“तुमीच तं सांगतलं न. गेल्या बाजाराच्या दिवशी. मी म्हटलं निळा पोचूभाऊचा हाये, तं तुमी आयकून नाई राह्यल्या.”

“मी सांगतलं?”

“हो.”

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग फोनकडे. मला वाटलं भांडेल. मी भांडायच्या तयारीनंच गेले होते. ती आठवत होती — बाजाराचा दिवस, माझं दुकान, कोण कोण होतं. मला दिसत होतं ती शोधते आहे. तिला सापडणार कुठून? मग ती हळूच म्हणाली, “असंन.”

त्या नंबरवर आम्ही लावला. कोणीतरी तेलगूत बोललं, बस स्टँडवरचं दुकान असावं. मंगलाचं नाव घेतलं तर त्यानं फोन ठेवून दिला. हंगाम संपल्यावर टोळीतली एक बाई परतली, तिच्याकडून कळलं. मंगला काजलला परत पाठवायचं म्हणत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी एक जीप सिरोंच्याकडे येणार होती, ओळखीची बाई सोबत होती. फक्त आईला विचारायचं होतं — ठेवून घेशील का? तीनदा लावला. आई आली नाही. मंगला म्हणाली, तिचा राग गेला नाही, आता मी तिच्या दारात पाय ठेवणार नाही. तिथून ते पुढे वारंगलकडे राइस मिलमध्ये गेले. नंबर नाही, पत्ता नाही.

वच्छलाबाई मला एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं! ती स्वतःलाच बोलली. गावात जो भेटेल त्याला सांगायची, “मीच रंग बदलवायले लावला अन् मीच इसरली. माह्या पोरीचा फोन माह्याच डोक्यानं गेला.” मग ती डोक्यावर भरवसाच ठेवेना. बांधाचं विचारायला कोणी आलं तर म्हणायची, मले नोको पुसा. धानाचं बी कधी टाकायचं ते पुतण्याला विचारायची, आणि तो चुकीचं सांगायचा तरी मान हलवायची. मला अशी चीड यायची! अहो, तुम्हाला सगळं आठवतं — ओरडून सांगावंसं वाटायचं. कोण सांगणार? जिला ठाऊक होतं तिनंच ना?

पुढे पुतण्यानं तिला चंद्रपूरला डॉक्टरकडे न्यायचं ठरवलं, सोबत बाई माणूस हवं म्हणून मी गेले. डॉक्टरनं वार विचारला, महिना विचारला, पाच वस्तूंची नावं घेऊन पुन्हा म्हणायला लावली. तिनं सगळं बरोबर सांगितलं. डॉक्टर म्हणाला, बाई ठणठणीत आहेत, कोण म्हणतं विसरतात? पुतण्यानं माझ्याकडे पाहिलं. आणि मी म्हणाले — हो, तिथेही म्हणाले — “मधे मधे विसरतात, डॉक्टरसाहेब.” त्यानं कसल्याशा गोळ्या लिहून दिल्या. परतीच्या बसमध्ये ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली.

यंदा मंगला आली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, न सांगता. इतकी वर्षं पोटात ठेवलेलं घेऊन आली होती. अंगणात उभ्या उभ्याच तिनं विचारलं, “आई, तवा फोन काऊन नाई उचलला?” मागे काजल उभी होती, कडेवर लेकरू. दुसरीनंतर शाळा नाही, सतरावं सरलं तेव्हा लग्न. मी पाण्याचा गडवा घेऊन आले होते, पाहुण्यांना द्यायला.

वच्छलाबाई ओसरीवरून खाली उतरली. सत्तरीची बाई, पोरीसमोर हात जोडले. “माह्या चुकीनं झालं व मंगला. मी रंग बदलवायले सांगतलं अन् इसरून गेली. इचार सुमनले. तिले सगळं माईत हाये.”

मंगलानं माझ्याकडे पाहिलं. काजलनंही पाहिलं. तिघी माझ्या तोंडाकडे पाहत होत्या.

मी म्हटलं, “हो, तसंच झालं,” आणि मंगलाच्या हातात गडवा दिला. ती घटाघटा पाणी प्यायली आणि मग वाकून माझ्या पाया पडली, आईला इतकी वर्षं सांभाळलं म्हणून.