खाली गाज नव्हती

आईच्या ऑपरेशनचा दिवस ठरला आणि माझा देवीवरचा भरवसाच डळमळला. माझं माहेर लांब कोकणात, समुद्रकाठी. सातवीत शाळा सुटली ती सुटलीच. आता नवऱ्याबरोबर जुन्नर तालुक्यात, राजुरीला एका बागायतदाराच्या गोठ्यावर कामाला आहे. म्हशी टाकून चार दिवस गावी जाणं जमेना. इतकी वर्षं हात जोडले ते कुणी ऐकलं तरी का, असं सारखं मनात यायचं. शेवटी मालकीणबाईच म्हणाल्या, "रडत बसू नको बाई. घाटमाथ्यावर कड्याच्या देवीला जाऊन ये. एक दिवस धारा तुझा नवरा काढील, झिजायचा न्हाई तो!"

एसटी शेवटच्या वाडीपर्यंत. पुढं पायवाट, श्रावणातलं दाट धुकं, आणि मी एकटी. राजुरीकडे उसातून जाताना बायका बिबट्याच्या भीतीनं मोठमोठ्यानं बोलत चालतात. ती सवय मलाही लागलेली. म्हणून "आई गं, माउली गं" असा देवीचा धावा करत निघाले. त्यात भक्ती थोडी, भीतीच लई होती.

कड्याचं मात्र काही वाटलं नाही. आमच्या गावी देवळाची वाट समुद्राच्या कड्यावरूनच जाते. धुकं असलं की लाटांची गाज ऐकत चालायचं. गाज वाढली की कडा जवळ आला, बाजूला सरायचं. इथं तर खालून काहीच ऐकू येत नव्हतं. म्हणजे कडा अजून लांब, असं धरून मी बिनघोर पावलं टाकत होते.

"ए बाय! हाय तिथंच खाली बस! हालू नको!" मागून कुणीतरी ओरडलं.

मी मटकन बसले. पायाखालचा एक खडा घरंगळत पुढं गेला. मी कान लावून राहिले. तो पडल्याचा आवाज आलाच नाही. मग वाऱ्यानं धुकं फाटलं आणि माझ्या पुढ्यात जमीनच नव्हती. पार खाली, टिकलीएवढी भातखाचरं. मुठीत धरलेलं गवत माझ्यानं सोडवेना.

गुरं राखणारी एक म्हातारी आली, तिनं दंडाला धरून मला मागं ओढलं. "कवाची ऐकतीय, ही बया वरडत चाललीय कुठं! वाघाला भिऊन देवीला हाका, अन् कड्याला भ्यायची न्हाईस व्हय गं? चल, देवळापत्तूर येते मी."

देवीपुढं पोचले. आईसाठी मागायला आले होते, पण ते मागायचं राहूनच गेलं. नुसतं दगडावर डोकं टेकून राहिले. म्हातारी बाहेर गुरांना शिव्या देत होती, तेवढंच ऐकू येत होतं.

मी हाक मारली बिबट्याच्या भीतीनं. देवीनं वाचवलं ते ज्याची मला भीतीच नव्हती, त्यातून. हे आठवलं की आजही अंगावर काटा येतो.

आईचं ऑपरेशन नीट झालं. पण तो फोन यायच्या आधीच माझी कुरकुर थांबली होती. आता हे दे, ते दे म्हणवत नाही. मला कशापासून राखायचं, हे मला तरी कुठं कळतं?