गाठ न आलेला हात

डॉक्टरांनी माझ्या कानाच्या पाळीला बारीक चीर दिली, आलेलं पाणी काचेवर घेतलं, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं आणि सरळ सांगून टाकलं, "लेप्रोमॅटस लेप्रसी आहे. म्हणजे महारोगच, पण अंगभर पसरणारा." सोबत आलेल्या माझ्या सासूबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणते, पदर तोंडाला लावून बाहेर गेल्या. मला एकच विचारायचं होतं. माझी मंदा नुकती पावलं टाकायला लागली होती. ती माझ्याजवळ राहील ना? डॉक्टर म्हणाले, "सध्या नको."

खरं तर हा आजार माझ्याकडे तेज घेऊन आला. चेहरा तुकतुकीत झाला, गाल भरले. शेवगावच्या बाजारात ओळखीच्या बाया म्हणायच्या, "सासर लई मानवलंय की तुला." मग भुवया विरळ झाल्या. एक दिवस तव्याला हात लागला, फोड आला आणि मला कळलंही नाही. बायांनो, चेहरा उगाच चमकायला लागला आणि भुवया झडू लागल्या तर कौतुकाला भुलू नका, आधी दवाखाना गाठा.

नगरच्या त्या दवाखान्यात हातावर लेप्रोमिन टेस्ट केली. यात मेलेल्या जंतूंची लस कातडीत टोचतात आणि तीन-चार आठवडे वाट पाहतात. काय दिसायला हवं ते आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. माझा हात स्वच्छच राहिला. आत्याबाईंनी आळीत साखर वाटली. पुढच्या खेपेला डॉक्टरांनी हात चाचपून पाहिला आणि मान हलवली. "गाठ यायला हवी होती. गाठ म्हणजे अंग जंतूंशी लढतंय. तुमचं लढत नाही."

मला राग आला. म्हटलं, "शेतात तर दिवसभर राबतं. इथंच का बसून राहिलं?"

डॉक्टर हसले आणि त्यांनी समजावलं. रक्तातल्या पांढऱ्या पेशी म्हणजे अंगाचे राखणदार. पण त्यांच्यातल्याच काही पेशी असा एक स्राव सोडतात म्हणे, की बाकीचे राखणदार गप्प बसतात. एरवी हे चांगलंच, नाहीतर भांडण संपलं तरी राखणदार काठ्या चालवत राहायचे. "तुमच्या अंगात बहुधा हे गप्प करणारेच वरचढ झालेत. परदेशात यावर अभ्यास चाललाय, अजून पक्कं कुणालाच माहीत नाही," ते म्हणाले. मी ठरवलं, अंग लढत नसेल तर मी लढेन.

डॅप्सोनची गोळी सुरू झाली. ही गोळी जंतूंची वाढ रोखते. माझं बिऱ्हाड मळ्यातल्या खोलीत हललं. दुष्काळाचं साल होतं, मंदाचे वडील, आमचे मालक, खडी फोडायच्या कामावर जायचे. मळमळायचं, अंगावर लाल गाठी उठून ताप यायचा, त्या काही टेस्टच्या गाठीसारख्या चांगल्या नव्हेत, पण गोळी मी एकदाही चुकवली नाही. आत्याबाई रोज कालवण घेऊन यायच्या, माझ्या हाताला तेल चोळायच्या. "माझी लाकडं मसणात गेल्यात, मला काय हुतंय," म्हणायच्या. मंदाला मात्र बांधापलीकडूनच दाखवायच्या. "हाताला गाठ येऊ दे, मंग लेकरू देते." त्या वाक्याचा मला फार राग यायचा.

पाऊसपाणी झाल्यावर डॉक्टरांनी पुन्हा टेस्ट केली. दाखवायला जायच्या आदल्या दिवशी पाहिलं, तर टोचल्या जागी टम्म फोड! मला इतका आनंद झाला की मालकांना बोलवायला धावत गेले.

डॉक्टरांनी फोड पाहिला, काळा डाग पाहिला. "हा बिब्ब्याच्या तेलाचा फोड आहे. बिब्बा कुणी घातला?"

"म्या," आत्याबाई म्हणाल्या. "पाय मुरगळला तर बिब्बा घालून दुखनं वर काढतो न्हाई का आमी? तुमीच म्हनला गाठ यायला पायजे. लेकरू आईपायी झुरतंय, माझ्यानं बगवंना." तेल चोळता चोळता त्यांनी हे केलं होतं. बधिर हाताला काही कळलंच नव्हतं. इतके दिवस मी यांना कठोर समजत होते.

डॉक्टर म्हणाले, "आजी, ही गाठ आणून येत नाही. हिला कदाचित कधीच येणार नाही. अंग तसंच गप्प राहील, म्हणून गोळी जन्मभर घ्यायची." त्यांनी कानाचं पाणी पुन्हा तपासलं होतं. "पण आता काचेवर जे जंतू दिसतात ते तुटके आहेत, मेलेले. हिच्यापासून लेकराला भीती नाही."

अंग बदललं नाही, तरी माणूस जिंकू शकतो. ज्यांच्या हातावर गाठ आली नाही, त्यांच्यासाठी मी हे लिहिते आहे. त्या डॉक्टरांचे उपकार मी विसरणार नाही. आत्याबाईंचेही.

त्या दिवशी आम्ही एसटीनं परत आलो. आत्याबाई फाट्यावर उतरल्या आणि मला मागे टाकून झपाझपा घराकडे गेल्या. मी मळ्यात येऊन उंबऱ्यावर बसले. थोड्या वेळानं त्या मंदाला कडेवर घेऊन आल्या. बांधावर थांबल्या नाहीत. माझा बिनभुवयांचा चेहरा जवळून पाहून मंदानं मोठ्यानं भोकाड पसरलं आणि आजीच्या मानेला मिठी मारली. आत्याबाईंनी तिचे हात एकेक करून सोडवले आणि तिला माझ्या मांडीवर ठेवलं.

"रडली तरी सोडू नगं," त्या म्हणाल्या.

मी सोडलं नाही.