लाल दिव्याची खोली

फोटोवाल्याचा उजेडावर मुळीच विश्वास नव्हता. तीस वर्षं त्याने लाल दिव्याच्या काळोख्या खोलीत फोटो धुतले होते. दार अवेळी उघडलं की सगळ्या मेहनतीवर पाणी. त्यामुळे घरात एकच कायदा होता: दार वाजवायचं आणि आतून 'हं' येईपर्यंत थांबायचं. बायको चहा घेऊन थांबायची. चहा गार व्हायचा आणि ती तापायची.

मग हाताहातात मोबाइल आले, धंदा बसला, आणि रिकाम्या खोलीत या गड्याने कॉर्डिसेप्सचा घाट घातला. ही बुरशी रानात अळीच्या अंगावर उगवते. हा ती बरण्यांमध्ये, शिजवलेल्या तांदळावर वाढवणार होता. औषधवाले विकत घेतात म्हणे! पहिल्या खेपेला तांदळावर कापसासारखी पांढरी बुरशी धरली आणि तिथेच अडून बसली. ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप, ते केशरी तुरे काही येईनात.

ही बुरशी वाढवायला शिकवणाऱ्या बाईंनी बजावलं होतं, "पांढरं झालं की उजेड द्या." याने दिला. लाल दिव्याचा, आणि तोही जीव मुठीत धरून. उजेडाने आजवर कुणाचं भलं झालंय?

बायकोचं शिलाई मशीन बोळात होतं. येणारा-जाणारा तिच्या कोपराला धक्का देऊन जाई. "ही शेवटची खेप," तिने निक्षून सांगितलं. "तुरे आले तर खोली तुमची, नाही आले तर माझी."

दुसरी खेपही पांढरी होऊन ढिम्म बसली. तोंड पाडून फोटोवाला महिनाभर बहिणीकडे गेला. इकडे गणवेशांचं घाईचं काम आलं आणि नेमका बोळातला दिवा गेला. बायकोने मशीन सरळ खोलीत ओढलं. लाल उजेडात सुईत दोरा कुठला ओवायला! तिने पांढरी ट्यूब लावली आणि रोज दिवसभर शिवत बसली.

फोटोवाला परतला तर दाराच्या फटीतून लख्ख उजेड. दार न वाजवताच तो आत घुसला.

"अगं, सत्यानाश केलास!"

"ओरडून झालं की बरण्या बघा," ती मान वर न करता म्हणाली.

प्रत्येक बरणीत केशरी तुरे दाटीवाटीने उभे होते. त्याला इतका आनंद झाला की जवळच्या बरणीलाच त्याने मिठी मारली.

बायको उठून मशीनची वायर गुंडाळायला लागली. "ठरलं होतं तसं. खोली तुमची."

त्याला एकदम त्या सगळ्या गार चहांची लाज वाटली.

"बस गं," तो म्हणाला. "तू गेलीस तर यांना उजेड कोण देणार?"

"ट्यूब देईल की."

"मला नाही चालणार."

दुसऱ्या दिवशी तो चहाचे दोन कप घेऊन आला. हात अडकलेले, म्हणून त्याने पायानेच दार वाजवलं. आत मशीन खडखडत होतं.

"थांबा जरा," आतून आवाज आला. "एवढी शिवण संपू दे."

फोटोवाला थांबला. चहा गार झाला तरी थांबला.