देवयानीच्या नावावरची वीज

ह्यूस्टनजवळच्या आमच्या शुगर लँडमध्ये ऊर्जा या विषयावर कोणालाही काहीही विचारा, उत्तर मिळतं. इथल्या मराठी मंडळातले निम्मे लोक तेल आणि गॅस कंपन्यांत आहेत, आणि उरलेले निम्मे त्यांना ब्लडप्रेशरच्या गोळ्या लिहून देतात. देवयानी सबनीसचा नवरा श्रीरंग पहिल्या निम्म्यांतला. जगात कुठल्या पाइपलाइनमधून किती गॅस वाहतो हे त्याला तोंडपाठ होतं. स्वतःच्या स्वयंपाकघरातला कुठला बर्नर पेटत नाही, हे मात्र देवयानीला सांगावं लागे.

पन्नाशी उलटल्यावर दोघं वेगळे झाले. मोठं भांडण वगैरे काही नव्हतं. श्रीरंगला स्पेस हवी होती, आणि पाच बेडरूमच्या घरात ती त्याला सापडत नव्हती.

घर विकलं गेलं की देवयानीला तिचा वाटा मिळणार होता. तोवर दोन वकिलांची घरं चालवायची होती. तिने हायवेला लागून असलेलं एक लहानसं अपार्टमेंट भाड्याने घेतलं आणि जवळच्या माँटेसरीत मदतनीस म्हणून नोकरी धरली. नागपूरहून मायक्रोबायॉलॉजीत एम.एस्सी. करून आली होती ती. पण आली ती नवऱ्याच्या व्हिसाच्या शेपटाला धरून. त्या व्हिसावर नोकरी करता येत नसे, आणि पुढे करता येऊ लागली तेव्हा आन्या लहान होती. आता आन्या सिॲटलला नोकरी करत होती आणि आई माँटेसरीत दुसऱ्यांच्या मुलांची नाकं पुसत होती.

अपार्टमेंट मिळालं, पण वीज मिळेना. टेक्ससमध्ये वीज कंपन्या ढीगभर आहेत आणि ग्राहकाला निवडीचं पूर्ण स्वातंत्र्य आहे. मात्र कंपनीलाही तेवढंच स्वातंत्र्य आहे. अर्ज भरला की कंपनी आधी क्रेडिट स्कोअर बघते, आणि देवयानीला स्कोअरच नव्हता. लग्नानंतर विजेचं, गॅसचं, पाण्याचं प्रत्येक बिल तिनेच वेळेवर भरलं होतं. श्रीरंगच्या खात्यातून, श्रीरंगच्या नावाने. त्यामुळे श्रीरंगचा स्कोअर असा झळाळत होता की बँका त्याला आपणहून पत्रं लिहीत. देवयानीबद्दल कॉम्प्युटरचं म्हणणं एवढंच होतं की अशी कोणी बाई नाही. क्रेडिट वाईट असतं तरी चाललं असतं. त्यातून निदान माणूस अस्तित्वात असल्याचं सिद्ध होतं.

सगळ्यांनी भलंमोठं डिपॉझिट मागितलं. शेवटी तिने प्रीपेड कंपनी गाठली. कंपनीच्या नावाचा अर्थ साधारण ‘उज्ज्वल उद्या’ असा होता. पद्धत मोबाइलच्या रिचार्जसारखी: आधी पैसे भरा, मग वापरा. रोज सकाळी फोनवर शिल्लक कळते, सोबत एक हसरा सूर्य येतो. शिल्लक संपली की कंपनी ऑफिसात बसल्या बसल्या वीज तोडते. पूर्वी तारा तोडायला निदान एक माणूस तरी दारात यायचा.

देवयानी जपून वापरायची. एसी लावताना पाहुण्यांसाठी काजू काढल्यासारखा बेताने लावायची. तरी शिल्लक भराभर उतरायची. तिने नीट पाहिलं, तेव्हा लक्षात आलं की प्रत्येक रिचार्जमधली एक फोड कंपनी परस्पर कापून घेतेय.

तिने फोन लावला. बराच वेळ कंपनीने तिला, तुमचा फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, असं ऐकवलं. मग केविन नावाचा एक गोड आवाजाचा मुलगा आला. त्याने सांगितलं की या पत्त्यावर आमच्या मासिक बिलाच्या योजनेतली जुनी थकबाकी आहे, ब्रँडन कुणीतरी राहत होता त्याची, आणि ती तुमच्या रिचार्जमधून वळती होतेय.

“मी ब्रँडनला ओळखत नाही,” देवयानी म्हणाली.

“सिस्टिममध्ये तुम्ही त्यांच्या घरातल्या व्यक्ती दिसताय, मॅम.”

नवऱ्यापासून सुटून तिला महिनाही झाला नव्हता आणि कंपनीने तिचा परस्पर दुसरा संसार थाटून दिला होता. घराचा करार पाठवून चालेल का, तिने विचारलं. करार आत्ताचा आहे, केविन म्हणाला. आधी तुम्ही तिथे राहत नव्हता, दुसरीकडे राहत होता, हे दाखवणारं तुमच्या नावाचं जुनं बिल हवं. विजेचं चालेल.

विजेचं बिल नावावर नाही म्हणून ती इथे आली होती, आणि इथून सुटायला विजेचं बिल हवं होतं. केविनने तिला शुभेच्छा दिल्या आणि आपल्याला पाच तारे देण्याची विनंती केली.

ही बातमी आमच्यात पसरायला वेळ लागला नाही. सुलभाकाकू मंडळातल्या सगळ्यात ज्येष्ठ, त्यामुळे सांत्वनाचं खातं त्यांच्याकडे. त्या डबा घेऊन गेल्या, पुरणपोळ्या दिल्या आणि म्हणाल्या की अगं, एवढ्यातेवढ्यावरून घर सोडू नये, निदान वीज तरी होती. आन्याला फोन केला तर ती मीटिंगला निघाली होती. “आई, जस्ट लेट बाबा हँडल इट,” ती म्हणाली, आणि आईच्या उत्तराची वाट न बघता तिनेच बाबाला कळवलं.

श्रीरंगचा लगेच फोन आला. आधी त्याने प्रीपेड मीटर कसा चालतो ते देवयानीला समजावून सांगितलं. मग मुद्द्यावर आला.

“कनेक्शन माझ्या नावावर घेऊन टाकतो. आजच्या आज होईल. तुला काही करायला नको.”

देवयानीला भर उन्हाळ्यातल्या थंड खोलीचं चित्र दिसलं, आणि त्या खोलीत पूर्वीसारखीच, कुठल्याच कागदावर नसलेली ती. मोह झाला तिला, खोटं कशाला सांगायचं?

“नको,” ती म्हणाली. “अंधारात बसेन, पण माझ्या नावाच्या.”

“हा इगो आहे, देवयानी.”

“असेल. तो तरी माझ्या नावावर राहू दे.”

फोन ठेवल्यावर ती रडली. हे तिने मला पुढे कधीतरी सांगितलं, तेही चहा गाळताना, पाठमोरी.

ऑगस्टमध्ये, ह्यूस्टनची हवा ओल्या टॉवेलसारखी अंगाला चिकटते त्या दिवसांत, एका दुपारी शिल्लक संपली. पगार व्हायचा होता. फोनवर हसरा सूर्य आला आणि पाठोपाठ एसी थांबला. बाहेरचा खरा सूर्य काही हसत नव्हता. तिने फ्रिजमधलं दूध शेजारणीला देऊन टाकलं आणि पब्लिक लायब्ररीत जाऊन बसली. तिथला एसी जनतेच्या पैशाने चालतो, आणि आत येणाऱ्याचा स्कोअर कोणी विचारत नाही.

वेळ घालवायला तिने कंपनीनेच पाठवलेलं ‘ग्राहकाचे हक्क’ हे पत्रक उघडलं. अक्षर अशा आकाराचं होतं की ते कोणी वाचू नये ही इच्छा स्पष्ट दिसावी. पण जिने कॉलेजची वर्षं सूक्ष्मदर्शकात डोळे घालून काढली, तिला त्याचं काय? त्यात एक ओळ होती: उष्णतेचा सरकारी इशारा लागू असताना घरगुती ग्राहकाची वीज तोडता येत नाही. तिने फोनवर हवामान पाहिलं. इशारा आदल्या दिवसापासून लागू होता.

तिथेच बसून तिने वीज कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या आयोगाकडे तक्रार लिहिली. ब्रँडनचंही सगळं लिहिलं. भाषा सौम्य ठेवली. नागपूरची असूनही.

मग चमत्कार झाला. जी कंपनी तासन्‌तास संगीत ऐकवायची, तिचा आपणहून फोन आला. बोलणाऱ्या बाई वरच्या हुद्द्यावरच्या होत्या. वीज सुरू झालीच आहे, त्या म्हणाल्या, फक्त जुन्या पत्त्याचा काहीतरी पुरावा मिळाला तर बरं होईल. बिलच हवं असं नाही.

देवयानीने पर्स उपसली. ड्रायव्हिंग लायसन्स हाती आलं. त्यावर अजून श्रीरंगच्याच घराचा पत्ता होता, आणि ते ब्रँडनच्या काळाच्या कितीतरी आधी काढलेलं होतं. घर बदललं की पत्ता लगेच बदलून घ्यायचा हा कायदा. जन्मभर सगळं वेळेवर करणाऱ्या बाईने एवढं एकच काम टाळलं होतं, आणि त्यानेच तिला तारलं. फोटो काढून तिने पाठवून दिला.

ब्रँडनची थकबाकी तिच्या डोक्यावरून उतरली. कापलेले पैसे शिल्लकीत परत आले. कंपनीने दिलगिरी व्यक्त केली आणि त्याच मेलमध्ये, मैत्रिणीला ग्राहक केल्यास बक्षीस, असंही कळवलं. तिने सुलभाकाकूंचं नाव द्यायचा विचार केला, पण आवरला.

पुढे घर विकलं गेलं. वाट्यातून डिपॉझिट भरून तिने नेहमीचं, महिन्याच्या बिलाचं कनेक्शन घेतलं. पहिलं बिल आलं त्या दिवशी मी तिच्याकडे होते. तिने पाकीट फोडलं, आणि हसू की चिडू असा चेहरा करून बिल माझ्यापुढे धरलं. ग्राहकाच्या नावाच्या जागी छापलं होतं: मिस्टर देवयान सबनीस.

“राहू दे यार,” मी म्हटलं, “वीज तर येतेय ना?”

तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. कंपनीला फोन लावून स्पीकरवर ठेवला, संगीत सुरू झालं, आणि ती कुकर लावायला उठली.