तलावावरचं हळदीकुंकू

उषाकाकू फोटो काढण्याआधी पक्ष्याची माफी मागत आणि फोटो काढून झाल्यावर माणसांना शिव्या देत. "बस रे राजा, दोनच मिनिटं. तुले तरास नाई देत," हे पाण्यातल्या बगळ्याला. आणि लगेच मागे वळून, "अन् तू कायले खोकलून राह्यला बे? दवाखान्यात जाऊन खोकल ना!" हे मला.

मी त्यांचा शेजारी आणि माझी स्कूटर ही त्यांची सरकारी गाडी. शेलूबाजारला आमच्या गल्लीत काकूंचं फॉल-पिकोचं दुकान होतं. आता त्या मुलाकडे पुण्याला असतात. तिथल्या बगळ्यांची आणि माणसांची मला सारखीच काळजी वाटते. काका जाऊन तेव्हाही बरीच वर्षं झाली होती. मुलाने नवा कॅमेरा घेतला तेव्हा जुना आईला दिला, नातवंडांचे फोटो काढावेत म्हणून. काकूंनी नातवंडांचा एक फोटो काढला, "हे पोट्टे एका जागी बसतच नाई" असा निकाल दिला आणि गावाबाहेरचा तलाव गाठला. बगळे नातवंडांपेक्षा फार आज्ञाधारक असतात असं नाही. "पण ते चॉकलेट तं नाई मागत," काकू म्हणत.

तलावावर होतं काय? आपल्याकडच्या कुठल्याही पाण्यावर असतं तेच. बगळे, पाणकावळे, टिटव्या आणि इथे बुडी मारून भलतीकडेच निघणारी टिबुकली. काकूंना तेवढं पुरे. पंख पसरून वाळत बसलेल्या एकाच पाणकावळ्यावर त्यांनी इतके दिवस घालवले, की मी एकदा म्हणालो, "काकू, हा कालचाच आहे."

"तू बी कालचाच हायेस," काकू कडाडल्या. "तरी तुही बायको रोज पायतेच ना तुह्या तोंडाकडे?"

'साधा' या शब्दाचा तर त्यांना भयंकर राग. एकदा अकोल्याहून एक गृहस्थ आले. त्यांच्या कॅमेऱ्याची नळी इतकी लांब, की टोक तलावावर आणि माणूस अजून अकोल्यातच, असं वाटावं. त्यांनी तलावावरून नळी फिरवली आणि म्हणाले, "काही नाही इथे. सगळं कॉमन आहे."

"काई नाई म्हंजे?" काकू बाभळीमागून प्रकटल्या. "हे एवढे बसले हाये, ते काय बाहुले हाये? वरण-भात कॉमनच हाये भाऊ, खाणं सोडलं का तुमी? माय बी रोज दिसते घरात. तिले म्हनता का, काई नाई इथं?"

गृहस्थांनी नळी खाली केली. मी त्यांना हळूच सांगितलं, "गाडी सुरू करा. अजून त्या तापायच्या आहेत."

या सगळ्या मंडळींत काकूंचा जीव एका बदकावर. अंगाने मातकट, खवल्याखवल्यांचं. पण चोच पाहावी! टोकाला पिवळीधमक आणि बुडाशी दोन्ही बाजूंना तांबडा ठिपका, कुणीतरी बोटाने लावून दिल्यासारखा. त्याला म्हणतातच हळदीकुंकू. हे नाव काकूंनी ठेवलेलं नाही, मराठी भाषेने ठेवलेलं आहे. पुढे जे घडलं त्यात भाषाही तितकीच दोषी आहे, म्हणून सांगतो.

संक्रांत आली. गल्लीतल्या महिला मंडळाच्या अध्यक्षबाई साडीला फॉल लावून न्यायला काकूंच्या दुकानात आल्या.

"काकू, आमच्या हळदीकुंकवाले तुमी या बरं. कॅमेरा घेऊनच या. तुमच्यासारखे फोटो कोनी नाई काढत."

"येतो ना वं माय."

"फक्त ते कुंकू लावनं, वाण देनं सुरू झालं का जरा बाजूले थांबजा. मी नाई मानत हो, पण बाकीच्या बाया..."

बाकीच्या बाया! या बाकीच्या बायांना मी आजवर शोधतो आहे. गल्लीत ज्या बाईला विचारावं ती म्हणते, मी नाही मानत, बाकीच्या मानतात. सगळ्यांनीच मानणं सोडलं असेल तर मानतं कोण? विजेचा खांब?

संध्याकाळी काकू आमच्या ओट्यावर येऊन बसल्या. रडल्या नाहीत. फुत्कारत होत्या.

"म्हंजे माहे डोये चालते, माह्यं कपाय नाई चालत! ह्याइच्या साड्याइले फॉल मीच लावतो. त्या साडीले बाट नाई लागत? माह्या हातचं नेसाचं अन् मलेच म्हनाचं, बाजूले हो!"

माझी बायको मंगल खाली मान घालून म्हणाली, "काकू, मी बोलतो त्याइच्याशी."

"तू काई नको बोलू. मीच बोलावतो त्याइले."

दुसऱ्या दिवशी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काकूंचा निरोप झळकला : 'उद्या सकाळी सात वाजता तलावावर हळदीकुंकू आहे. सर्व महिलांनी यावे. गोंधळ करू नये.'

मंगलने तो मोठ्याने वाचला आणि मला ठसका लागला. पण मी तोंड उघडलं नाही. असा आनंद घरबसल्या पुन्हा कधी मिळणार? बायकांचा समज झाला, तलावाकाठच्या महादेवाच्या देवळात कुणीतरी कार्यक्रम ठेवला आहे. आपल्याला न विचारता कोणी ठेवला आणि वाण काय देणार आहेत, या काळजीने अध्यक्षबाईंना झोप लागली नसावी.

सकाळी कडाक्याच्या थंडीत पैठण्या, गजरे आणि हातात ताटं घेऊन अख्खं मंडळ तलावावर हजर. काकू स्वेटर घालून बाभळीआड बसलेल्या, आणि त्यांना स्कूटरवर आणणारा मी त्यांच्या मागे.

"चपला हळू टाका वं! उडून जाईन."

"कोन उडून जाईन? हळदीकुंकू कुठी हाये?"

"ते काय, पान्यात."

कुणीतरी फिसकन हसलं. अध्यक्षबाई लालबुंद झाल्या. "काकू, थट्टा लावली का आमची? सणासुदीचं बोलावता अन् बदक दाखवता?"

काकू उठल्या.

"थट्टा मी केली का तुमी? पाहा त्याच्याकडे नीट. नराले बी लावलं हाये, मादीले बी लावलं हाये. जोडीदार मेला म्हनून कोनी त्याची चोच पुसाले येत नाई. तुमी कोन वं माह्यं कपाय पुसनाऱ्या?"

अध्यक्षबाईंनी सवयीने इकडेतिकडे पाहिलं. पण बोट दाखवायला कोणी उरलं नव्हतं. बाकीच्या बाया झाडून सगळ्या तिथेच उभ्या होत्या.

मंगलने ताटातला करंडा उचलला, कुंकवाने बोट भरलं आणि ती काकूंसमोर गेली. मला वाटलं, आता काकू विरघळणार. पण काकूंचा डोळा कॅमेऱ्याला लागलेला.

"थांब वं पोरी. हालू नको. ते मान वर काढून राह्यलं."

मंगल तशीच थांबली, बोट हवेत. मागे अख्खं महिला मंडळ श्वास रोखून उभं, अध्यक्षबाईंसकट. पाण्यावर बदकाने मान वळवली. खटका वाजला.

काकूंनी कॅमेरा खाली घेतला आणि कपाळ पुढे केलं.

"हं, लाव आता. अन् जरा मोठंच लाव. दुरून दिसाले पायजे."