मांडीवरचा धागा आणि बारा मशिनी

तपासणी समिती यायला चार दिवस उरले होते आणि आमच्या बाराही मशिनी नुसत्या उभ्या होत्या.

आंधळगावात दारोदार फिरून मी स्वतः पाहिलं. एकीवर लुगडं वाळत होतं, दुसरीवर शाळेचं दप्तर, तिसरीच्या पेडलला शेळी बांधलेली. त्या शेळीला 'लाभार्थी' दाखवता येईल का, हा विचार माझ्या मनात खरोखर येऊन गेला.

मी एका संशोधन संस्थेत 'ज्ञान हस्तांतरण अधिकारी' आहे. म्हणजे शास्त्रज्ञांनी शोधलेलं लोकांच्या घरात पोहोचवायचं आणि त्याचा काय उपयोग झाला ते वर कळवायचं. आंधळगावात कोशाचं, म्हणजे टसर, रेशीम विणतात. त्याचा धागा बाया घरी काढतात. उकडलेल्या कोशांतून (इथे त्यांना 'कोसे' म्हणतात) तंतू ओढायचे आणि उघड्या मांडीवर तळहाताने वळायचे. वर्षानुवर्षं वळून कातडी सोलवटते. म्हणून आमच्या संस्थेने पायाने चालवायची मशीन बनवली. समितीला ती बंद दिसली, तर संस्थेचं आंधळगावचं केंद्र बंद आणि माझं कंत्राटही संपलं. मी शांताबाईंच्या घरी गेलो. पहिली मशीन आम्ही त्यांनाच दिली होती.

"मशीन चांगली आहे जी," त्या म्हणाल्या.

"मग चालवत का नाही?"

"धागा तुटते. अन् तुटला हे समजतच नाई."

"मांडीवर समजतं?"

त्यांनी उलट विचारलं, "सर, तुमी आमचं काम कधी पाह्यलं?"

"तीनदा आलो की. इंजिनिअर बोरकरही होते."

"हव. अन् तुमी दारात दिसले की आमी लुगडं खाली सारतो, हात पुसतो. परका माणूस समोर असला त कोन बाई मांडीवर धागा वळन? तुमी बाया पाह्यल्या. काम नाई पाह्यलं."

'प्रक्रियेचे प्रत्यक्ष निरीक्षण केले,' असं अहवालात मीच लिहिलं होतं. आम्ही दोघा पुरुषांनी तीन वेळा येऊन, पदर सावरून बसलेल्या बायांचं निरीक्षण केलं होतं. मशीन त्यावर बेतलेली होती.

दुसऱ्या दिवशी बोरकरांबरोबर रोहिणी खोब्रागडेंना घेऊन आलो. या आमच्या लॅब टेक्निशियन. आठ वर्षं प्रयोगशाळेत हाच धागा ताणून तपासत होत्या, पण त्यांना गावात न्यावं असं कुणाला सुचलं नव्हतं. त्या आत गेल्या, दार लागलं. बोरकर आणि मी ओट्यावर. दोन तास झाले. आतून मधूनमधून हसण्याचा आवाज येई.

"आपल्यावरच हसून राहिल्या का?" बोरकरांनी विचारलं.

"दुसरं आहे कोण इथे?"

रोहिणी बाहेर आल्या. "सर, मांडी हे त्यांचं मीटर आहे. धागा पातळ झाला की कातडीला कळतं, त्या लगेच नवा कोसा जोडतात. आपल्या मशिनीत धागा बोटांपासून हातभर लांब पळतो. आणि मशिनीपुढचं ते बसायचं स्टूल काढा. चूल खाली, कोसे खाली, बाई तेवढी वर."

"बदलायला किती दिवस?" मी बोरकरांना विचारलं.

"दोन महिने."

आमच्याकडे तीन दिवस होते.

तोडगा शांताबाईंनीच काढला. "एक दिवस चालवून देतो जी. तुटला त तुटला धागा. तुमची नोकरी त राह्यते." बोरकरांचा चेहरा उजळला. माझाही उजळला असणार.

समिती आली. तिघेही पुरुष. आमच्याकडून मी, बोरकर आणि रोहिणी. बाराही घरांत मशिनी झकास फिरल्या. शेवटी शांताबाईंच्या घरात अध्यक्षांनी पेन काढलं. "उत्तम. प्रत्यक्ष काम पाहिलं."

शांताबाई पेडल मारत होत्या. लुगडं घोट्यापर्यंत ओढलेलं. आमची गाडी वळली की त्या पुन्हा मांडी उघडी करून बसणार, हे मला माहीत होतं. त्यांनी तर मला डोळ्यांनीच 'गप राहा' सांगितलं.

"सर, तुम्ही अजून काहीच पाहिलेलं नाही," मी म्हणालो.

बोरकरांनी डोळे मिटून घेतले.

मी सगळं सांगून टाकलं. अध्यक्षांनी पेनाला टोपण लावलं. "म्हणजे तुमचा अहवाल खोटा?"

"खोटा नाही सर. रिकामा."

"मग आता आम्ही काय लिहायचं?"

"या मॅडम सांगतील. त्यांनीच पाहिलंय."

रोहिणी दहा मिनिटं बोलल्या. शांताबाईंनी मशीन थांबवली आणि दोन ठिकाणी रोहिणींची चूक दुरुस्त केली.

केंद्राला आणखी सहा महिन्यांची मुदत मिळाली. केंद्रप्रमुख रोहिणी खोब्रागडे, मी त्यांच्या हाताखाली. बोरकरांची नवी मशीन जमिनीवर बसते आणि धागा बोटांतून जातो. बारांपैकी सात घरांत ती रोज चालते. सगळ्यात बारीक धागा शांताबाई अजून मांडीवरच काढतात, आणि हेही अहवालात लिहायला लावतात.

संस्थेत नवे लागलेल्यांना मी एवढंच सांगतो. साहेब घरात शिरला की घर काम थांबवून त्याच्याकडे पाहू लागतं. तेवढ्या वेळात साहेबाला कळण्यासारखं एकच असतं, आपण त्या घराला कसे दिसतो ते. आणि तेही कुणी सांगत नाही.