विस्तव मागायला गेलेला हात

“खाली ठेव गो ती खापरी! हातान देतंस? मना बाटवतंस काय?”

एवढं बोलून म्हातारीने चिमटा उघडला. निखारा खापरात पडला नाही. माझ्या उजव्या मनगटावर पडला. मी हात झटकला, तर तो कातडी घेऊनच खाली गेला. म्हातारीचा नातू ओट्यावर उभा होता. माझ्याहून तीन-चार वर्षांनी मोठा. माझ्या हातातून पडलेलं खापर त्याने लाथाडलं. ते माझ्या नडगीवर फुटलं. तो हसला. म्हातारी त्याच्यावर ओरडली. मला वाटलं, माझ्यासाठी. ती म्हणाली, “पाय धू आधी.”

मी आठ वर्षांची होते. पालेगावात तेव्हा बिल्डिंगा नव्हत्या, भाताची खाचरं होती. घरातली काडीपेटी संपली की ज्याची चूल पेटलेली असेल त्याच्याकडून विस्तव आणायचा. आमच्या बौद्धवाड्यासाठी रीत वेगळी. खापर उंबऱ्याबाहेर जमिनीवर ठेवायचं, चार पावलं मागे सरायचं, मग वरून निखारा पडणार. मी खापर हातात धरून पुढे केलं. एवढाच माझा गुन्हा.

घरी आईने जखमेला खोबरेल लावलं आणि मग मला मारलं. “खाली ठेवायला काय झालं होतं तुला?” तिचे हात तेलकट होते, थपडा गालावरून घसरत होत्या. म्हणून तिने लाकूड घेतलं.

पुढे चाळीस वर्षं कुणी त्या डागाबद्दल विचारलं की मी सांगायची, कुकरची वाफ लागली. इतक्या वेळा सांगितलं की मलाही तसंच आठवायला लागलं.

मी आता अंबरनाथच्या एका खासगी शाळेत इतिहास शिकवते. संस्थेचा अध्यक्ष तोच नातू. खाचरांवर बिल्डिंगा बांधल्या, चाळी बांधल्या, मग शाळा काढली. सगळे त्याला शेठ म्हणतात. मीही म्हणायची. त्याने मला ओळखलं नाही. मी ओळख दिली नाही.

यंदा स्नेहसंमेलनासाठी मी आठवीच्या मुलांकडून एक प्रवेश बसवला. विषय अभ्यासातलाच, प्राचीन ग्रीसमधला घरचा आणि नगराचा धर्म. मुलांना साध्या शब्दांत सांगितलं. त्यांच्या घरातली चूल हीच देवी. जेवताना पहिला भाग तिचा. मूल जन्मलं की त्याला चुलीभोवती फिरवायचे, मग ते घरचं. नगरालाही एक सामायिक चूल असे, सरकारी इमारतीत, तिची आग विझू द्यायची नाही. लोक नवं गाव वसवायला निघाले की तिच्यातला विस्तव सोबत नेत. आणि गुलाम बाई विकत आणली की तिला चुलीपाशी बसवून डोक्यावरून सुकी अंजिरं आणि अक्रोड ओतत.

“मग ती सुटली का, मॅडम?” सुजाताने विचारलं.

“नाही. त्या घराची झाली. राहिली गुलामच.”

“मग अंजिरं कशाला?”

वर्ग हसला. मीही हसले. फळ्याकडे वळले.

सुजाता पालेगावातली, बौद्धवाड्यातलीच. तिची आई उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये जीन्सच्या कारखान्यात शिलाईवर आहे. राहतात शेठच्या चाळीत. नव्या गावाला विस्तव नेणारी मुलगी म्हणून मी सुजाताला निवडलं. आवाज खणखणीत होता, म्हणून.

चूक माझी झाली ती समईची. लाल कागद लावलेली बॅटरी काही आगीसारखी दिसेना. म्हणून मी ऑफिसच्या कपाटातली समई काढली. वर्षभर ती खडूच्या खोक्यांशेजारी पडलेली असते, शिपाई तिच्यावर डस्टर ठेवतो. मला वाटलं, शाळेची आहे. ती शेठच्या देव्हाऱ्यातून आली होती.

रंगीत तालीम सुरू होती. पाचही वाती पेटलेल्या. सुजाताने अंगाला पांढरी चादर गुंडाळलेली. ती समईवर पणती लावायला वाकली आणि शेठ हॉलमध्ये आला.

“ए. आडनाव काय तुझं?”

तिने सांगितलं.

“वाड्यातली ना? तुमच्यात देव नाहीत ना? मग दिव्याला हात कशाला लावते?”

“सर, हा ग्रीसचा आहे.”

मुलं हसली. तिथे त्याचं डोकं फिरलं. त्याने माइकचा स्टँड उचलला आणि तिच्या मनगटावर हाणला. हाड वाजलेलं मी ऐकलं. समई कलंडली. तापलेलं तेल तिच्या कोपरापर्यंत आलं. चादरीचं टोक पेटलं. मी दोन्ही हातांनी चादर ओढून काढली आणि पायाखाली विझवली. पोर किंचाळत होती.

शेठ शिपायाला म्हणाला, “समई उचल आधी. धुऊन आण.”

मी त्याच्या कानाखाली मारली. दोनदा. दुसऱ्या वेळी त्याचा चष्मा उडाला. हे मी पोलिसांनाही सांगितलं, लपवलं नाही.

मग बाही वर केली. “ओळखलं नाही मला? खापर तुम्हीच लाथाडलं होतं.”

त्याने डोळे बारीक करून डाग बघितला. त्याला आठवलं, ते मला दिसलं. म्हणाला, “तेव्हा मी लहान होतो.”

“आणि आता?”

दवाखान्यात सुजाताचा हात प्लास्टरमध्ये गेला, वर भाजलेल्याची पट्टी. तिची आई कारखान्यातून धावत आली, खांद्यावर निळे धागे तसेच. “मॅडम, तक्रार नको. चाळ त्यांची आहे. सामान रस्त्यावर टाकतील.”

“टाकतील,” मी म्हटलं. खोटा धीर मला देता येत नाही. “माझ्याकडे दोन खोल्या आहेत. या.”

ती मुलीकडे वळली. सुजाता म्हणाली, “आई, मी सांगणार. तू नुसती सही कर.” तिने केली.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचं सामान खरंच रस्त्यावर आलं. आम्ही रिक्षात भरून माझ्या घरी आणलं. संध्याकाळी हेडमास्तर दारात. एका हातात माझ्या निलंबनाचं पत्र, दुसऱ्या हातात चकचकीत डबा.

“शेठनी पाठवलाय. म्हणाले, मॅडम आमच्या घरच्याच आहेत. तक्रार मागे घेतली की पत्र फाडू.”

मी डबा उघडला. काजू, अक्रोड, मधोमध सुकी अंजिरं. सुजाता माझ्या मागून वाकून बघत होती.

“मॅडम,” ती म्हणाली, “अंजिरं.”

मी पत्र घेतलं. डबाही घेतला. हेडमास्तरांचा चेहरा सैल झाला. त्यांना तसंच सोडून चप्पल घातली आणि डबा घेऊन पोलीस ठाण्यात गेले.

हवालदार म्हणाला, “बाई, ड्रायफ्रूटचं काय करू मी?”

“जमा करा. कोणी, कधी, काय सांगून पाठवलं, ते माझ्या जबाबात लिहा.”

त्याने कागद ओढला. लिहिताना त्याची नजर माझ्या मनगटावर गेली. “हा डाग? हा पण कालचाच?”

“नाही. जुना आहे.”

“कशाचा?”

कुकर माझ्या तोंडाशी आला होता. मी तो गिळला.

“विस्तवाचा. लिहा. घर पण सांगते, माणसं पण सांगते. जुनं आहे म्हणून कोर्ट नाही घेणार, माहीत आहे मला. तरी लिहा. आणि कालची तक्रार कोणी काहीही पाठवलं तरी आम्ही मागे घेणार नाही, हे त्याच्याखाली लिहा. मग सही करते.”

त्याने लिहिलं. मी वाचून बघितलं. त्या घराच्या नावाची ओळ गाळली होती. ती घालायला लावली, मग सही केली.